सूचना : रविवारी सकाळी साडेसातला स्टेशनवर जमणे

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी खानापूर-लोंढा मार्गावरच्या आपल्या छोट्या स्टेशनची जुनी इमारत पाहायला जायचं आहे. दुरुस्तीचं काम निघालं की जुनं आधी पडतं, म्हणून त्याआधी तिची नीट नोंद करून ठेवू.

हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेचा. कंपनी 1882 ची; 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेशी जोडली गेली, 1951 मध्ये दक्षिण रेल्वे झाली, 1966 मध्ये हा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि 2003 पासून हुबळीची दक्षिण पश्चिम रेल्वे. पाट्या बदलत गेल्या, भिंती त्याच. नव्वदीच्या दशकात मीटरगेज जाऊन रूळ रुंद झाले, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटरचं 1676 मिलिमीटर झालं.

तिकीट खिडकीचा दगडी कट्टा जरूर हात लावून बघा. पैसे सरकवून सरकवून मधोमध खळगा पडलाय. माझी आजी तिथूनच जाड पुठ्ठ्याचं तिकीट घेऊन बेळगावच्या बाजाराला जायची. मास्तर ते यंत्रात घालून खट्कन तारीख उठवायचे. असं तिकीट कुणाच्या ट्रंकेत असेल तर कृपया आणा, फोटो काढून लगेच परत देऊ. मीटरगेजच्या काळात काम केलेले गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (सांधे बदलणारे) किंवा हमाल घरात असतील तर त्यांना आवर्जून घेऊन या. खरा इतिहास त्यांच्याकडेच आहे.

प्लॅटफॉर्म तिकीट प्रत्येकाने काढायचं. रुळावर कुणीही उतरायचं नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. मास्तरांना विचारूनच फोटो काढा. भिंतीवरचा जुना रंग खरवडू नका, खाली अक्षरं असू शकतात.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.