काकूंची आमसुलं आणि तीन बाटल्या

डेन्व्हर, 9 मार्च

प्रिय विनू,

गेल्या मे महिन्यात काकूंनी बांधून दिलेली आमसुलं संपली. आमटीत संपली म्हटलं तर ते निम्मंच खरं. उरलेली बिअरमध्ये गेली, आणि त्या बिअरबद्दलच तुला लिहितोय. इथे घरगुती बिअरची स्पर्धा आहे. शुक्रवारी नावं द्यायची मुदत संपते आणि दोन आठवडे माझं काही ठरत नाहीये.

गोझ नावाची जुनी जर्मन बिअर आहे, मूळ गोस्लारची, पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली. निम्म्याच्या आसपास गव्हाचं माल्ट, बाकी जवाचं, वर भरडलेले धणे आणि चक्क मीठ. आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा, म्हणजे दह्याच्याच कुळातला. हे वाचलं आणि मला थेट तुमच्या ओटीवरचं कोकम सरबत आठवलं. पहिल्या बॅचला कृतीत होतं तेवढं सगळं मीठ घातलं. आमसुलांना आधीच मीठ असतं हे ध्यानात आलं नाही. 19 लिटर मोरीत ओतले. दुसऱ्या वेळी मीठ निम्म्यावर आणलं आणि यीस्टचा जोर ओसरल्यावर आमसुलं टाकली. ग्लासात ओतली तेव्हा काय रंग होता म्हणून सांगू! फेससुद्धा गुलाबी.

ज्यांनी ज्यांनी प्यायली ते सगळे 'मस्त' म्हणाले. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून इथे घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही, पण ती विकता येत नाही. त्यामुळे पैसे मोजून नाक मुरडणारं गिऱ्हाईक मला कधी भेटतच नाही. भेटतात ते मित्र, आणि घरी बोलावून पाजलेल्या बिअरला मित्र नावं कशी ठेवणार? मला मात्र शेवटच्या घोटाला लोण्यासारखा एक बारीक वास येतो. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत बिअर थंड केली की तो मागे राहतो. मी दोन दिवस घाई केली होती. आता तो वास खरंच आहे की मनात बसलाय, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

परीक्षकांना माझं नाव दिसणार नाही. बाटलीवर लेबल नसतं, फक्त क्रमांक. 50 पैकी 12 गुण वासाला, 20 चवीला, 5 तोंडात कशी लागते त्याला, 10 एकूण परिणामाला. ज्या रंगावर मी इतका जीव टाकला, तो फेस आणि नितळपणा धरून 3 गुणांत आटोपतो! पण गुणांपेक्षा मला हवा आहे तो शेरा. काय चुकलं ते परीक्षक कागदावर लिहून देतात.

मी अडलोय ते गटापाशी. नुसती गोझ म्हणून दिली तर कोकमाचा वास हा दोष ठरेल. फळांच्या बिअरमध्ये दिली तर फळाचं नाव लिहावं लागेल, आणि ज्याने कोकम कधी चाखलं नाही तो ते शोधणार कशात? फॉर्मवर चार शब्दांची जागा आहे. 'आंबट लाल फळ' लिहिलं तर तो चेरी शोधेल, 'चिंचेसारखं' लिहिलं तर तेही खोटंच. आमसुलाचा आंबटपणा चिंचेसारखा टोचत नाही, तो जिभेवर पसरतो आणि मागे जरा तुरट राहतो. हे काकूंनीच एकदा आमटी वाढताना सांगितलं होतं. पंधरा दिवस शब्द शोधतोय, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

लिहिता लिहिता एवढं नक्की झालं की बिअर द्यायची, फळांच्या गटात द्यायची आणि 'कोकम' हाच शब्द लिहायचा. लोण्याचा वास निघाला तर निघू दे. पुढच्या वेळी दोन दिवस जास्त थांबेन. तीन बाटल्या वेगळ्या काढल्यात. रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतोय, त्यामुळे पुढच्या वर्षावर ढकलण्यातही अर्थ नाही.

फक्त काकूंना न सांगता देणं मला जड जातंय. त्यांनी उन्हात बसून सालं वाळवली, रसाची पुटं चढवली, ती काय बिअरसाठी? तू त्यांना नीट सांग, आडपडदा ठेवू नकोस. त्या नको म्हणाल्या तर बाटल्या घरातच राहतील. गुरुवार रात्रीपर्यंत कळव.

तुझा,
संजू