वालचंद, कोयना आणि आप्पांची थापी

सांगली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "कोयनेचं धरण सरकारनं बांधलं." मी गप्प बसले, कारण मलाही धड माहीत नव्हतं. मग वाचून काढलं. धरण सरकारचं, पण काम केलं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीनं. म्हणजे वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं! सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात होते तेव्हा चार वर्षं 'वालचंदला आहे' म्हणून पाटणभर मिरवले, पण हे वालचंद कोण, ते कधी विचारलं नाही.

सोलापूरचे. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात मन रमेना, म्हणून रेल्वेत पूर्वी कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून रेल्वेचे ठेके घेऊ लागले. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामानं, पुढे बोरघाटातले बोगदे. १९२६ साली ही कंपनी काढली. जहाजं, विमानं, मोटारी हा पसारा वेगळाच, तो फोनवर सांगेन. कोयना मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. १९५३ मध्ये ते गेले, धरण नंतरचं.

कंपनीच्या इतिहासात कोयना एका ओळीत उरकतं. १०३ मीटर उंची, रबल काँक्रीट, संपलं. ते रबल म्हणजे आपल्या आप्पांनी धरणावर लावलेले दगड! "धुतल्याशिवाय दगड लावायचा नाही, माती राहिली की माल धरत नाही," हे ते जेवतानासुद्धा सांगायचे. आई, तू हसायचीस. मी आता साइटवर पोरांना तेच सांगते, तीही हसतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आप्पांनी तुम्हाला गोधडीसकट अंगणात आणलं, हे तुम्ही शंभरदा सांगितलंय. पण उजाडल्यावर ते घराकडे न बघता धरणाच्या वाटेला लागले, हे फक्त एकदाच, तेही आत्या बोलून गेली म्हणून. आजी त्यावरून बरेच दिवस बोलत नव्हती म्हणे. बरोबरच होतं तिचं. धरणाला वरच्या भागात तडे गेले होते, पण ते उभं राहिलं. पुढे ते मजबूतही केलं.

माळा आवरणार आहात ना? आप्पांची थापी भंगारात घालू नका. डाव्या बाजूनं झिजलेली, मूठ सुतळीनं गुंडाळलेली. आई तिनं कुंडीतली माती उकरते, तीच. दिवाळीला येताना आणा.

बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढला का? आई खरं सांगेल.

तुमची,
ताई