परमिएबल पेवर लिहिताना जमिनीपर्यंत लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधी गोव्यात ठिकठिकाणी अंगणे, पार्किंग, उद्याने आणि देवळांची आवारे यांत पेवर बसवण्याची घाई चालू असते. अलीकडे अशा कामांच्या निविदांत 'परमिएबल पेवर' किंवा 'इको पेवर' (सांध्यांतून पाणी जमिनीत जिरू देणारे फरसबंदीचे ब्लॉक) हे शब्द दिसू लागले आहेत. पाणी जमिनीत जिरले पाहिजे ही जाणीव कागदावर तरी आली, याचा मला आनंद आहे. पण मी लँडस्केपच्या कामांची एस्टिमेट तयार करतो आणि ही बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी) वाचताना जीव तुटतो. सगळे काम एका ओळीत उरकलेले असते: 80 मिमी जाडीचे परमिएबल पेवर पुरवणे व बसवणे, दर चौरस मीटर. खाली काय घालायचे, याबद्दल चकार शब्द नसतो.

जे लिहिलेले नाही ते ठेकेदार आपल्या नेहमीच्या पद्धतीने करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. जमीन रोलरने घट्ट दाबायची, सोलिंग (दगडांचा थर) करायचे, वर पीसीसी म्हणजे साधे काँक्रीट किंवा क्रशरची डस्ट म्हणजे दगडाची भुकटी, आणि त्यावर ब्लॉक. एका आवारात पाणी तुंबते म्हणून ब्लॉक उचलून पाहिले, तर खाली चार इंच काँक्रीट निघाले. पैसे मात्र परमिएबल कामाच्या दराने दिलेले होते.

मुळात ब्लॉक स्वतः पाणी पीत नाही. आयएस 15658 हे पेवर ब्लॉकचे भारतीय मानक उलट ब्लॉकने पाणी कमी शोषावे अशीच अपेक्षा ठेवते, कारण टिकाऊपणा त्यावर असतो. पाणी खाली जाते ते सांध्यांतून. साध्या पेवरचे सांधे 2 ते 4 मिमीचे आणि वाळूने भरलेले असतात. पाणी जिरवणाऱ्या पेवरचे सांधे साधारण 6 ते 13 मिमी रुंद असतात आणि त्यांत धुतलेली बारीक खडी भरायची असते. त्याखाली 6 मिमीच्या आसपासच्या खडीचा 50 मिमी थर, मग 20 मिमी खडीचा सुमारे 100 मिमी थर, आणि सगळ्यात खाली 40 ते 60 मिमीची जाड खडी, हिशेबाने येईल तेवढ्या खोलीची. या सर्व थरांत डस्ट नको. रस्त्याच्या कामात जीएसबी किंवा वेट मिक्स हे खडीचे थर घालताना बारीक माल हवाच असतो, तो पोकळ्या भरून थर घट्ट करतो. इथे आपल्याला त्या पोकळ्याच विकत घ्यायच्या आहेत. एकाच मापाच्या धुतलेल्या खडीत सुमारे 40 टक्के जागा मोकळी असते. पाणी साठते ते तिथे.

ही जागा किती लागेल, याचा हिशेब कोणी करत नाही म्हणून तो इथे मांडतो. समजा 500 चौरस मीटरचे पार्किंग आहे आणि शेजारच्या 250 चौरस मीटर छपराचे पाणीही त्यातच सोडले आहे. आपल्याकडे जुलैत असतो तसा एखादा जोरदार दिवस आला आणि 120 मिमी पाऊस पडला, तर 90 हजार लिटर पाणी झाले. खाली 300 मिमी खडी असेल तर पोकळ्यांत मावते 60 हजार लिटर. उरलेले 30 हजार पावसाच्या त्याच तासांत जमिनीत उतरले पाहिजे, नाहीतर पाइपाने बाहेर नेले पाहिजे. खालची माती तासाला 10 मिमी पाणी पीत असेल, तर पूर्ण तळातून तासाला 5 हजार लिटर जाते. म्हणजे उरलेल्या पाण्याला सहा तास, आणि भरलेली टाकी रिकामी व्हायला आणखी बारा. वर्षाला सुमारे 3000 मिमी आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडणाऱ्या प्रदेशात दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पाऊस येतो. म्हणून खडीच्या वरच्या भागात ओव्हरफ्लोचा पाइप हवाच. माती याहून मंद असेल तर तळाशी छिद्रांचा पाइपही हवा. दोन्हींचा व्यास, उतार आणि ते पाणी शेवटी कुठल्या गटारात किंवा व्हाळात (ओढ्यात) जाणार हे नकाशावर दाखवले पाहिजे.

आता ती माती तासाला किती पिते, हे जागेवर खड्डा घेऊनच कळते, तोही जिथे खडीचा तळ येणार त्याच खोलीवर. आपला जांभा फसवा आहे. पर्वरी किंवा कदंब पठारावर वरचा कातळ कठीण असतो, त्यातल्या भेगांतून पाणी झरझर उतरते, आणि थोडे खाली गेले की चिकणमातीचा थर लागून सगळे अडते. पन्नास पावलांवर उत्तर बदलते. शिवाय ही चाचणी मे महिन्यात केली तर तहानलेली जमीन घागरभर पाणी क्षणात पिऊन टाकते आणि तोच आकडा जुलैसाठी गृहीत धरला जातो. चाचणी पावसाळ्यात किंवा चवथीच्या सुमाराला करावी. तेव्हाच करणे जमत नसेल, तर खड्डा आदल्या दिवशीपासून भरून ठेवून मग मोजावे.

काही ठिकाणी पाणी जिरवायचा हट्ट सोडावा, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. पणजीचा सखल भाग किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेची जागा घ्या. तिथे भरतीच्या वेळी भूजल वरपर्यंत येते. खडीचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलाची सर्वांत वरची पातळी यांत निदान 600 मिमी अंतर असावे, असा संकेत आहे. ते मिळत नसेल तर खडीचा उपयोग पाणी काही तास धरून सावकाश सोडण्यापुरता, तेही पाइप घालून. डोंगर कापून केलेल्या प्लॉटवर, राखण-भिंतीच्या मागे पाणी जिरवणे तर धोक्याचे आहे. पिण्याच्या विहिरीपासून 30 मीटर अंतर परदेशी मार्गदर्शिकांत सांगितलेले असते. आपल्या वाड्यांवर घर, विहीर आणि शोषखड्डा जवळजवळ असतात, तेव्हा निदान गाड्या उभ्या राहतात ते आवार तरी विहिरीपासून लांब ठेवावे. गॅरेज आणि पेट्रोल पंप यांना ही पद्धत नकोच.

पण पठारावर मात्र ती हवी, आणि आग्रहाने हवी. पणजीतल्या आल्तिन टेकडीच्या पायथ्याचा बोका दा व्हाका आणि मळा भागातला फोंत फेनिक्स या झऱ्यांचे पाणी पणजीकर एकेकाळी प्यायचे. सावई-वेरे, केरी, प्रियोळच्या कुळागरांत (पोफळीच्या बागांत) अजूनही डोंगरातल्या झरीचे पाणी पाटाने फिरते. ते पाणी वरच्या सड्यावरच (पठारावरच) जमिनीत शिरलेले असते. सड्यावर एक वसाहत, एक हॉटेल, एक कॉलेज अशी काँक्रीटची आवारे वाढत गेली, तर खाली पोफळीला शिमग्यानंतर पाणी पुरणार नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे कारण हे आहे. रस्त्यावर पाणी तुंबू नये, हा त्यातला लहान भाग.

काम करतानाही बरेच बिघडते. तळाची जमीन रोलरने दाबू नये आणि सपाट ठेवावी. उतार असेल तर टप्पे पाडून मध्ये आडवे बांध घालावेत, नाहीतर सगळे पाणी खालच्या कोपऱ्यात जमते. ही फरसबंदी सर्वांत शेवटी घालावी, कारण तांबड्या मातीने भरलेले ट्रक एकदा वरून गेले की सांधे बुजतात. त्यावर मॉर्टर कालवायला बंदी असावी. आणि बागेचे वाफे! वाफ्यातली माती फरसबंदीच्या पातळीच्या खाली असावी आणि मध्ये कर्ब (काठाची पट्टी) असावा. आपण वाफे उंच करतो, पहिल्या पावसात माती वाहून पेवरवर येते आणि दोन मोसमांत सगळे बंद पडते. झाडाच्या बुंध्याभोवती तर काहीच घालू नये. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या वडा-पिंपळांना तेवढी जागा तरी द्यावी.

पर्व्हियस (पाणी झिरपू देणारे) काँक्रीट पायवाटेला चांगले, पण ते टाकणारा गवंडी सरावाचा हवा. पाणी थोडे जास्त झाले की सिमेंटचा लगदा तळाशी बसून भोके बंद होतात. ग्रास पेवरची (भोकांत गवत वाढवायच्या ब्लॉकची) मी शिफारस करत नाही. फेब्रुवारीपासून त्यांना पाणी घालावे लागते, आणि गाडीखाली गवत तग धरत नाही.

देखभालीची बाब निविदेतच हवी. पावसाळ्याआधी आणि नंतर व्हॅक्यूमने सफाई, शेवाळ काढणे, सांध्यांतली खडी पुन्हा भरणे, हे निदान तीन वर्षे ठेकेदाराकडे ठेवावे. सांधे सिमेंटने भरू नयेत, असा फलक आवारात लावला तरी हरकत नाही.

आणि बिल मंजूर करण्याआधी मोजमाप हवे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची सी 1781 ही चाचणी अगदी साधी आहे. 300 मिमी व्यासाची रिंग पेवरवर पुटीने चिकटवायची, आधी 3.6 लिटर पाणी ओतून जागा भिजवायची; ते अर्ध्या मिनिटाच्या आत गेले तर मग 18 लिटर, नाहीतर पुन्हा 3.6 लिटर पाणी ओतायचे. ओतताना रिंगमधले पाणी 10 ते 15 मिमी उंचीवर राखायचे आणि ते नाहीसे व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. नव्या कामात 3.6 लिटर पाणी 72 सेकंदांच्या आत (18 लिटर असेल तर सहा मिनिटांच्या आत) गेले, तर वेग तासाला सुमारे 2500 मिमी पडतो, ते काम घ्यावे. पुढे हा वेग 250 मिमीच्या खाली आला की सफाईची वेळ झाली असे समजावे. मात्र ही चाचणी वरचा पृष्ठभागच तपासते. खालच्या थरांसाठी खडी भरतानाचे फोटो, प्रत्येक थराची खोली आणि चाळणीचा अहवाल बिलासोबत जोडायला लावावा.

पालिका, पंचायती आणि देवस्थान समित्यांच्या अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या निविदेत थरांचा आडवा छेद, खड्ड्याच्या चाचणीचा आकडा, ओव्हरफ्लोची जागा आणि रिंगची चाचणी या गोष्टी लिहून घ्या. दर वाढेल, खडी जास्त लागेल, ते मान्य करून अंदाजपत्रक बनवा. तेवढा निधी नसेल तर निम्म्या आवारात हे काम नीट करा आणि उरलेले आवार तूर्त मातीचेच ठेवा.

आपला,
एक लँडस्केप व्यावसायिक, म्हार्दोळ, फोंडा