परीक्षकाने जागा दाखवावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांचे परीक्षक

वाहिन्यांवर गाण्याचे नवे पर्व जाहीर झाले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या क्लासांमधून ऑडिशनची तयारी सुरू होते. गणेशोत्सवातल्या मंडळांच्या स्पर्धाही आता त्याच वळणावर गेल्या आहेत. तीच तीन खुर्च्यांची मांडणी असते आणि त्यातल्या एका खुर्चीवर मालिकेतला ओळखीचा चेहरा असतो. त्यामुळे चांगला परीक्षक कोणाला म्हणावे हा प्रश्न मुंबईच्या स्टुडिओपुरता राहिलेला नाही. आम्ही या भागात गाणे शिकवणारे, पेटी-तबल्याची साथ करणारे आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत.

गाण्यातल्या खास, नेमक्या ठिकाणाला गाणारे लोक ‘जागा’ म्हणतात. अमक्याने ती जागा काय सुंदर घेतली, तमक्याची तिथली जागा निसटली, असे आपण म्हणतो. परीक्षकाचे पहिले काम ती जागा दाखवण्याचे आहे. “सूर थोडा इकडेतिकडे झाला, पण मजा आली” या वाक्यातून गाणाऱ्याला काहीच मिळत नाही. “दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास संपला, म्हणून पंचमावरून (‘प’) खाली येताना गंधार (‘ग’) उतरला, ओळीच्या मध्ये अर्धा श्वास घेतलास तर टिकेल” हे सांगायला दहा सेकंद पुरतात आणि मूल तेवढे घेऊन दुसऱ्या दिवशी रियाजाला बसते. चूक कोणत्या ओळीत, कोणत्या स्वरावर, कशामुळे आणि उपाय काय, एवढे ज्याला सांगता येते तो परीक्षक. मग तो प्रसिद्ध असो वा नसो.

सूर ढळण्याचे कारण बहुधा गळ्यात नसते, पट्टीत, म्हणजे गाण्याचा ‘सा’ ज्या उंचीवर धरला त्यात असते. मूळ ध्वनिमुद्रण ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायचा हट्ट पालकांचा असतो, कधी शिक्षकांचाही. एखादे गाणे मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला ‘प’) तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातला ‘म’) जात असेल तर ती पावणेदोन सप्तकांहून थोडी जास्त धाव झाली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा गळा दोन्ही टोकांना सारखा पोचेलच असे नाही. अशा वेळी पेटीवरच्या काळी दोन पट्टीची पांढरी दोन केली, म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली आले, तरी तार सप्तकातली ओढाताण कमी होते. मुखडा ऐकताच हे ओळखून “पट्टी अर्ध्याने उतरव” असे सांगणारा परीक्षक आम्हाला मोलाचा वाटतो. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवे. त्या वयात आवाज फुटतो आणि दोन महिन्यांपूर्वीची पट्टी आज चालत नाही. तेव्हा “जोर लाव, अजून खुलून गा” असा सल्ला दिला तर गळ्याला इजा होऊ शकते.

गंधाराचे एक उदाहरण मुद्दाम देतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून (‘सा’) सुमारे ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डवरचा मात्र ४०० सेंटवर. शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर, म्हणजे फरक १४ सेंटचा. ऐकायला तो लहान नाही. मिरजेच्या तंबोऱ्यावर कान तयार झालेले मूल कीबोर्डच्या भरावासोबत (मागे धरून ठेवलेल्या सुरांसोबत) गंधारावर थांबले की दोन स्वर एकमेकांना टेकत नाहीत आणि कीबोर्डची सवय असलेला परीक्षक “गंधार उतरला” म्हणून मोकळा होतो. जाणकार परीक्षक अशा वेळी वाद्यवृंदाला सांगेल की आलापाच्या जागी भराव काढा, फक्त तंबोरा ठेवा. तसेच मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाताना, स्वर मधल्या बारीक श्रुतींवरून सरकतो. तिथे चूक शोधायची नसते. थांबल्यावर तो कुठे टेकला ते पाहायचे असते.

लयीतल्या चुका त्या मानाने पकडायला सोप्या, पण त्यांचीही कारणे वेगळी असतात. चित्रीकरणासाठी गाणे दोन-तीन मिनिटांत बसवतात, एखादा अंतरा आणि मधले संगीत कापतात. मूल मूळ गाण्याच्या हिशेबाने थांबते आणि कापलेल्या जागेवरून पुन्हा मुखड्यावर येताना मात्रा चुकते. रूपक तालात सात मात्रा असतात आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ (टाळीऐवजी रिकामी खूण) येते. केरव्याच्या आठ मात्रांची सवय असलेले मूल तिथे हमखास घसरते. ही तालीम कमी पडल्याची चूक आहे. तिला “लयीचे अंग नाही” म्हणणे अन्याय होय.

आता आवाज ऐकण्याविषयी. परीक्षकाच्या टेबलाजवळच्या स्पीकरमधून येतो तो वाद्ये आणि घुमारा (रिव्हर्ब) मिसळलेला आवाज. घुमाऱ्यात स्वराचे टोक मऊ होते आणि किंचित उतरलेला षड्जही गोड लागतो. म्हणून गंभीर परीक्षकाने एका कानात कोरा आवाज मागून घ्यावा. ध्वनिमुद्रकाला ते अवघड नसते. प्रसारणापूर्वी आवाजावर संस्कार होऊ शकतात, सूर सरळ करणारी यंत्रणाही वापरता येते. मग घरी बसलेल्याला वाटते, एवढे सुरेल गायले तरी हे का रागावले? यावर उपाय एकच, परीक्षकाने ओळ आणि स्वर यांचा नेमका उल्लेख करावा. माइकचीही जाण हवी. माइक दोन-तीन इंचांवर हवा आणि तार सप्तकात वीतभर लांब न्यावा. अगदी ओठाला लावला की खर्ज (खालचे सूर) फुगतो व आवाज जड वाटतो; जाळी मुठीत धरली की आवाज कोंडतो आणि शिट्टी येते. कानातल्या यंत्रात स्वतःचा आवाज कमी असेल तर मूल ओरडते आणि ओरडताना सूर चढतो. यातले काहीही गळ्याचा दोष नाही.

उच्चारांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या सीमाभागातली मुले इथेच जास्त दुखावली जातात. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चंद्र’ मधला तालव्य, ‘चांदणे’ मधला दंत्य. ‘जीव’ आणि ‘जवळ’ यांतले ‘ज’ही तसेच वेगळे. कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी दोन्ही तालव्यच येतात, आणि ख, घ, ठ, भ यांतला हकार थोडा कमी होतो. उलट मराठी घरातले मूल कन्नड वाहिनीवर गाते तेव्हा ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ यांतला फरक त्याला जमत नाही, कारण मराठीत तो फरकच नाही. शिवाय शब्दाच्या शेवटचा ‘अ’ ते मराठी सवयीने गिळते. हे सगळे पंधरा दिवसांत सुधारण्यासारखे असते. परीक्षकाने दोन शब्द उच्चारून दाखवावेत, मुलाकडून म्हणवून घ्यावेत आणि पुढे जावे. “तू नक्की कुठला?” असे हसत विचारले आणि प्रेक्षकांत टाळ्या पडल्या, तर ते मूल पुढच्या फेरीत शब्द जपत, घाबरत गाते.

या मातीत दोन्ही भाषांचे गाणे एकाच घरात नांदले आहे. मराठी संगीत रंगभूमीची पायाभरणी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे आणि १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व सुळेभावीचे. पंडित भीमसेन जोशी यांनी तुकोबांचे अभंग आणि कन्नड दासवाणी (हरिदास संतांची पदे) सारख्याच ओढीने गायली. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांची मातृभाषा तेलुगू, पण ‘एदे तुंबि हाडुवेनु’ या कन्नड कार्यक्रमात ते मुलांशी कन्नडमध्ये बोलत, शब्द तपासत, गाण्याच्या कवीची आणि संगीतकाराची आठवण करून देत. सीमाभागातल्या अनेक मराठी घरांनी तो कार्यक्रम आवडीने पाहिला. परीक्षकाने कसे बोलावे याचा तो नमुना होता.

मराठीत २००८-०९च्या झी मराठीवरील ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते, म्हणजे चाल बांधणारा एक कान आणि पार्श्वगायनाचा एक कान. त्या पर्वातल्या पाच अंतिम स्पर्धकांना २०२१ साली त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून बसवले गेले. आम्हाला तो निर्णय योग्य वाटला. त्या वयात, त्या दिव्यांखाली, कानात यंत्र घालून उभे राहणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते.

त्याच कार्यक्रमात गुणांऐवजी स्वर देत. ‘नी’ मिळाला, ‘वरचा सा’ मिळाला की घराघरांत आनंद व्हायचा. पद्धत फार सुंदर, पण परीक्षकाने हात सैल सोडला तर तिची किंमत जाते. पहिल्याच स्पर्धकाला वरचा सा दिला तर दहाव्याला काय देणार? म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण कागदावर लिहावेत आणि मगच बोलावे. नाहीतर जो आधी बोलतो त्याच्याकडे बाकीचे झुकतात. शंभरातले ४० सुराला, २० लयीला, १५ उच्चारांना, १५ भावाला आणि १० गाण्याच्या व पट्टीच्या निवडीला, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते. स्वतःचा शिष्य गात असेल तर गुण देऊ नयेत. स्वतः संगीत दिलेले गाणे असेल तर मूळ चालीशी किती जुळते एवढेच पाहण्याचा मोह टाळावा.

अभिनेते किंवा दिग्दर्शक परीक्षक असायला आमची हरकत नाही. शब्दांचा अर्थ चेहऱ्यावर आणि आवाजात पोचला का, ओळ कुठे तुटली, हे त्यांना चांगले कळते. त्यांनी तेच सांगावे. सुराबद्दल शेजारच्या गायकाकडे बोट दाखवावे, त्यात कमीपणा नाही. “अंगावर काटा आला”, “आज तू स्टेज पेटवलंस” ही वाक्ये मात्र जपून वापरावीत.

लहान मुलांच्या स्पर्धेत एक गोष्ट परीक्षकाच्या हातात असते, ती म्हणजे वेळ. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम घेता येत नाही. परीक्षक उशिरा आला की मुले मेकअप करून ताटकळतात. वाट पाहून आणि बोलून गळा कोरडा पडतो आणि रात्री गाण्याची वेळ येते तेव्हा मुलाचा धैवत (‘ध’) लागत नाही. परीक्षकाचे कानही थकतात. सलग ऐकल्यावर मधे पंधरा मिनिटे शांतता मिळाली नाही तर शेवटच्या गायकाला न्याय मिळत नाही.

आपल्या भागातल्या मंडळांना एक विनंती आहे. परीक्षकांचे टेबल मोठ्या स्पीकरच्या भिंतीसमोर किंवा खर्जाच्या पेटीशेजारी (सबवूफर) ठेवू नका. मंचापासून पंधरा-वीस फुटांवर, मधोमध ठेवा. त्यावर गाण्यांचे छापील शब्द, प्रत्येक स्पर्धकाची पट्टी लिहिलेला कागद आणि गुणपत्रिका असू द्या. निकालानंतर त्या गुणपत्रिका पाहुण्यांसोबत परत न पाठवता मुलांना द्या, शेरे लिहिलेल्या.

कळावे,

आपले,
गाणे शिकवणारे व साथ करणारे काही जण
बेळगाव, खानापूर, निपाणी