सूचना: बुकमसिंगांच्या समाधीला रविवारी भेट

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवार, 8 नोव्हेंबर रोजी सकाळी साडेदहा वाजता कॅनडातल्या किचनर शहराच्या माउंट होप दफनभूमीत आपण पहिल्या महायुद्धातले शीख सैनिक प्रायव्हेट (साधे शिपाई) बुकमसिंग यांच्या समाधीवर फुलं वाहणार आहोत. मूर अव्हेन्यूच्या बाजूला जमायचं आहे.

पंजाबातले बुकमसिंग 1907 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात आले. 1915 मध्ये कॅनडाच्या सैन्यात भरती झाले, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आघाडीवर 1916 मध्ये दोनदा जखमी झाले. क्षयाने 1919 मध्ये इथेच किचनरमध्ये गेले, अवघ्या पंचविसाव्या वर्षी! त्यांचं पदक इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलं आणि इतिहास अभ्यासक संदीपसिंग ब्रार यांनी त्यावरून ही समाधी शोधून काढली. तोवर गावाला त्यांची ओळखच नव्हती. आपण इथे राहतो, तेव्हा मुलांना हे ठाऊक असायलाच हवं. त्यांना आवर्जून आणा.

• थंडी असेल, जाड कोट आणि मोजे हवेतच.
• पॉपी (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल) डाव्या बाजूला, छातीवर लावा.
• फुलं सुटी आणा, प्लॅस्टिकचं वेष्टन नको.
• शेजारच्या समाध्यांवर पाय देऊ नका, फोन बंद ठेवा.
• ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी गुरुवारपर्यंत कळवावं. ज्येष्ठांना घरून घ्यायचं आहे.

– कार्यकारिणी