हॉटमिक्स करून घेताना मालाचं वजन बघा

मा. संपादक,

पाऊस ओसरलाय, आता दिवाळी झाली की फोंडा काय नि म्हापसा काय, गोव्यात सगळीकडे सोसायट्यांचे आतले रस्ते आणि बंगल्यांची गेटपासून पोर्चपर्यंतची वाट हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा थर घालून, करून घ्यायची घाई सुरू होणार, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवतोय.

आमच्या फोंड्याजवळच्या सोसायटीचा रस्ता गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात केला. ७५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, कोटेशनवर स्पष्ट लिहिलेलं ४० मिमी जाडी. प्रत्येक घरानं वर्गणी दिली, पेन्शनवर जगणाऱ्यांनी सुद्धा दिली, संध्याकाळी काळाकुळकुळीत रस्ता बघून सगळे खूश. जूनमध्ये कडा सुटायला लागल्या आणि चवथीपर्यंत गेटपाशी नुसती खडी उरली. शेजारच्या काकी माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्याचं, सामान घेऊन स्कूटरनं येत होत्या, त्या खडीवर स्कूटर घसरली, तोरिंगणं आणि सुपारीचं शिपटं रस्त्यावर, आणि काकींचं मनगट प्लास्टरमध्ये. ऐन चवथीला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं कारण ठेकेदाराचे पैसे पास करणाऱ्यांत मीही होतो.

मग मी खड्ड्याच्या कडेचा एक तुकडा हातानं ओढला तर पापडासारखा उचलून आला! खालची बाजू कोरडी, तिला लाल माती चिकटलेली, म्हणजे जुना रस्ता नीट झाडला नव्हता आणि टॅककोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटायला आधी मारतात ते पातळ डांबर, ते मारलंच नव्हतं. मुलीच्या फूटपट्टीनं जाडी मोजली, जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर.

हे आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं, साधा हिशोब आहे. ७५ गुणिले ४ म्हणजे ३०० चौरस मीटर, त्यावर ४० मिमी थर म्हणजे १२ घनमीटर, आणि रोलरनं दाबलेलं हॉटमिक्स घनमीटरला साधारण २.३ टन भरतं, म्हणजे २७ टनांच्या वर माल यायला हवा होता. आला होता एकच ट्रक, १२ टनांचा, तो आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला, त्या लोकांना चहा सुद्धा दिला, पण वजनकाट्याची पावती मागायचं एकालाही सुचलं नाही. सरकारी रस्त्याला निदान साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) इंजिनिअर येऊन बघू शकतो, खाजगी रस्त्याला कोण येणार, आपणच उभं राहायचं. रोलर फिरायच्या आधी सळई टोचून बघा, ४० मिमी पाहिजे असेल तर सैल थर ५ सेंटीमीटरच्या आसपास लागतो कारण दाबल्यावर तो बसतो.

दुसरं म्हणजे गरमपणा. प्लांटवरून माल दीडशे अंशांच्या आसपास निघतो आणि १०० च्या खाली जायच्या आत रोलिंग आटपायला लागतं, नाहीतर तो दबतच नाही. आमच्याकडे ट्रक दोन तास गेटबाहेर उभा होता, माल गोळे गोळे होऊन पडत होता. आणि फावड्यांना चिकटू नये म्हणून डिझेल मारत होते, ते तर अजिबात मारू देऊ नका, डिझेलनं डांबर विरघळतं. पोर्चमध्ये गाडीचं ऑइल ठिबकतं तिथं रस्ता मऊ पडतो तो त्याचमुळे.

आणि पाणी! गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पाणी साचलं की डांबर खडीला सोडतं, खालची माती मऊ होते आणि वरून टँकर गेला की संपलंच. ४ मीटर रुंद रस्ता मध्यभागी कडेपेक्षा ४-५ सेंटीमीटर उंच पाहिजे आणि बाजूचं गटार वाहतं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा असे थर चढवतात, मग रस्ता अंगणापेक्षा उंच होतो आणि पाणी सरळ तुळशीपर्यंत.

रस्ता चांगला असेल तरी दर एप्रिलमध्ये एक चक्कर मारा, बारीक भेगा दिसल्या तर साफ करून डांबरानं भरून घ्या, त्याला फार खर्च येत नाही. खड्डा पडला तर त्यात माती नि चिऱ्याचे तुकडे टाकू नका, कडा चौकोनी सरळ कापून, झाडून, टॅककोट मारून मग भरायचा आणि ठोकून दाबायचा. नळाच्या लाइनसाठी खोदलं असेल तर आधी खालचा भराव थराथरानं दाबून घ्या.

आमचा रस्ता आता डिसेंबरात परत करायचा ठरलाय, वर्गणी परत काढावी लागतेय. यावेळी गटार आधी साफ करून घेतोय आणि वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही असं मीटिंगच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात.

– एक वाचक, फोंडा