लॅबवाल्या काकांना, पैलवानांच्या फोटोंबद्दल

काका, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही ‘चहा घेणार?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

पैलवानांचे मी काढलेले उघडे फोटो छापून घ्यायला तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेले त्यांची नावं घेत नाही. एकाने फाइल उघडली आणि आतल्या पोरांना हाक मारली. दुसऱ्याने पेनड्राइव्ह परत देताना विचारलं, ‘घरी माहितेय का, मॅडम?’ उघड्या बाईचं कॅलेंडर यांनी बिनबोभाट छापलं असतं. इथे उघडा पुरुष, तोही साठी उलटलेला पैलवान, आणि फोटो काढणारी बाई म्हटल्यावर संस्कृती आठवली. कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन २८ फुटी दिगंबर मूर्तीपुढे हात जोडणारं आपलं कोल्हापूर हो हे!

तुम्ही बराच वेळ फोटो बघितलात. मग म्हणालात, ‘मांडीखालची शॅडो बुजलीय. थोडी उघडू?’ कॉटन रॅगवर, म्हणजे त्या सुती कागदावर, टेस्ट पट्टी काढलीत, दारातल्या उजेडात धरलीत, मान हलवलीत, परत काढलीत. मोडलेला कान, खांद्यावरची सैल कातडी, सगळं कागदावर उतरलं. तेवढ्यात एक गृहस्थ पासपोर्ट फोटोला आले. माझा हात आपोआप प्रिंट पालथी घालायला गेला. तुम्ही ती तशीच राहू दिलीत. ‘बसा जरा, हे काम संपवतो,’ एवढंच त्यांना म्हणालात. तेही मुकाट्याने पेपर वाचत बसले. घरी जाताना रिक्षात मला रडू फुटलं ते त्यामुळे.

इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन फोटोग्राफर बाईने १९१५ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या माउंट रेनियर डोंगरावर नवऱ्याचे, रॉय पार्ट्रिजचे, नग्न फोटो काढले. सिअ‍ॅटलमध्ये गदारोळ झाला, आणि तिने ते कित्येक वर्षं बाहेर काढले नाहीत. नवरा स्वतःचा, तरी बोल लागला तिलाच. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न फोटोच्या खटल्यात, नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असं सांगितलं. पण लॅबच्या काउंटरवर निकाल कोण वाचतो? तिथे माणूसच नीट लागतो. सभ्य माणसं असतात हो, फक्त आपण सभ्य आहोत असं सांगत फिरत नाहीत.

प्रिंट पैलवानांच्या घरी दाखवली. काकू चष्मा लावून बघत राहिल्या, म्हणाल्या, ‘पाठ अजून वाकली नाही यांची.’ त्यांना एक हवीय, त्याच कागदावर. सोमवारी येऊ?